भय विसरलेला प्राणी

ऑस्ट्रेलिया खंडाचे नाव निघाले की कांगारू डोळ्यांपुढे उभा राहतो. पोटाशी पिशवी, पिशवीतून डोकावणारे पिलू आणि लांब उड्या घेत माळावर चरणारे ते सौम्य जनावर, हे चित्र मुलांच्या चांगल्या परिचयाचे असते. परंतु पोटाशी पिशवी बाळगणारे, म्हणजेच शिशुधान वर्गातले, सर्वच प्राणी गवत खाऊन राहतात असे मात्र नाही. त्यांच्यात शिकारीही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, खडकांच्या कपारींतून आणि झाडांच्या ढोलींतून रात्री बाहेर पडणारा असाच एक चिमुकला शिकारी राहतो. त्याचे नाव क्वॉल. ह्या प्राण्याला वाचविण्यासाठी मनुष्याने अलीकडच्या काळात मोठी खटपट केली. त्या खटपटीत यश आले आणि अपयशही आले. ‘एखाद्या जीवाचे रक्षण करणे म्हणजे नेमके काय करणे?’ हा प्रश्न त्या अपयशाने सर्वांपुढे उभा केला आहे, आणि म्हणूनच त्याची हकिकत मुळापासून पाहण्यासारखी आहे.

क्वॉलच्या चार जाती ऑस्ट्रेलियात आढळतात. उत्तरेकडील क्वॉल ही त्यांतील सर्वांत लहान जात होय. आपल्याकडील मुंगसाहूनही तो लहान असतो. मादीचे वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आतच भरते. नर तिच्याहून थोराड असला तरी मोठ्यातला मोठा नर किलोभराच्या आसपासच असतो. अंगावरचे केस तपकिरी, त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, नाक टोकदार, डोळे मोठे व पाणीदार, अशी त्याची मूर्ती आहे. किडे, सरडे, उंदीर, बेडूक, पाखरे यांपैकी जे हाती लागेल ते तो खातो. प्रसंगी फळांवरही भागवतो. ‘क्वॉल’ हा शब्द त्या देशातील मूळ रहिवाशांचा आहे. १७७० साली कॅप्टन कुक यांचे जहाज दुरुस्तीसाठी एंडेव्हर नदीच्या मुखाशी थांबले असता, तेथील गूगू यिमिथिर लोकांच्या भाषेतून तो टिपून घेण्यात आला.

ह्या प्राण्याचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. मादीला कांगारूसारखी खोल पिशवी नसते. विणीच्या काळात तिच्या स्तनांभोवती कातडीची एक घडी तेवढी तयार होते. तांदळाच्या दाण्याएवढी पिले जन्मतात आणि स्तनांना घट्ट चिकटून राहतात. एका वेळी आठपर्यंत पिलांचा भार ती माता अंगावर वागवीत रात्रभर भक्ष्य शोधीत फिरते. नराचे आयुष्य तर वर्षाचेच म्हटले तरी चालेल. विणीचा हंगाम येताच तो खाणेपिणे आणि विश्रांती विसरून मादीच्या शोधात कोसच्या कोस धावतो, आणि हंगाम सरता सरता झिजून मरतो. इतक्या मोठ्या आकाराच्या दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यात सर्व नर असे एका हंगामात संपून जात नाहीत. याचा अर्थ असा की, क्वॉलची एक पिढी म्हणजे जवळजवळ एकच वर्ष. एखाद्या वर्षी पिले वाचली नाहीत, तर पुढील वर्षी त्या डोंगरावर क्वॉलचा माग लागणे कठीण.

एके काळी हा प्राणी पश्चिमेकडील पिलबारा प्रदेशापासून पूर्वेकडील क्वीन्सलंडपर्यंत पसरलेला होता. आज त्याची वस्ती तुटक तुटक उरली आहे. ऑस्ट्रेलियाच्या शासनाने २००५ साली त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केली, आणि जगातील दुर्मिळ जीवांची जी आंतरराष्ट्रीय लाल यादी आहे तिच्यातही त्याच्या नावापुढे हाच शेरा आहे. कोरड्या ऋतूच्या अखेरीस पेटणारे प्रचंड वणवे, गुराढोरांच्या चरण्याने उघडी पडलेली जमीन आणि युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर येऊन पुढे रानटी झालेली मांजरे, ह्या तिन्हींनी त्याला पूर्वीच जेरीस आणले होते. परंतु त्याच्यावर सर्वांत मोठा घाव घातला तो एका परदेशी भेकाने. हा भेक तेथे आपण होऊन आला नव्हता. त्याला मनुष्याने मुद्दाम आणले होते, आणि तेही लोकांचे भले व्हावे म्हणून.

महाराष्ट्रातील ऊसकऱ्याला हुमणी ठाऊक आहे. जमिनीत राहून उसाच्या मुळ्या कुरतडणारी ही अळी उभे पीक वाळवून टाकते. क्वीन्सलंडमधील ऊसमळ्यांनाही अशाच अळ्यांनी आणि त्यांच्यापासून होणाऱ्या भुंगेऱ्यांनी ग्रासले होते. उपाय म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून सुमारे शंभर मोठे भेक आणण्यात आले. हा भेक मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला. तो भुंगेरे खाऊन टाकील आणि ऊस वाचेल, असा हिशेब होता. त्या भेकांची पैदास करून त्यांची पिले ऊसमळ्यांत सोडण्यात आली. वॉल्टर फ्रॉगट नावाच्या वयोवृद्ध कीटकशास्त्रज्ञांनी ह्या गोष्टीला कडाडून विरोध केला. हा पाहुणा पुढे मोठा उपद्रव ठरेल, असा स्पष्ट इशारा त्यांनी दिला. त्यांच्या म्हणण्यावरून भेक सोडण्याचे काम काही महिने थांबलेही. परंतु १९३६ साली ती बंदी उठली आणि काम पुन्हा सुरू झाले.

हिशेब साफ चुकला. भुंगेरे बसत उसाच्या उंच शेंड्यांवर, आणि भेक तर जमिनीवरचा जीव. त्याला तेथवर चढता येईना. ऊस वाचला नाही. भेकांची संख्या मात्र भराभर वाढत चालली. एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते. वर्षामागून वर्षे भेकांची ही फौज पश्चिमेकडे सरकत राहिली आणि दहा लाख चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश तिने व्यापला. ह्या भेकाच्या खांद्यांवर विषाच्या मोठ्या ग्रंथी असतात. ऑस्ट्रेलियात मुळात भेकांची एकही जात नव्हती. त्यामुळे तेथल्या शिकारी प्राण्यांना हे विष अगदी नवे होते. क्वॉलला तर बेडकासारखा दिसणारा, मंद चालीचा, हाताशी येणारा हा जीव म्हणजे आयते चालून आलेले भक्ष्यच वाटले. त्याने त्यावर झडप घातली, आणि ती झडप त्याची अखेरची ठरली.

अशी चूक करणारे क्वीन्सलंडवाले पहिलेच होते असेही नाही. उसातील उंदरांचा नायनाट करण्यासाठी १८७२ साली भारतातून मुंगूस नेऊन जमैका बेटावर सोडण्यात आले, आणि तेथून १८८३ साली ते हवाई बेटांवर पोहोचले. भारतात सापाचा शत्रू म्हणून ज्याचे कौतुक होते, तोच प्राणी त्या बेटांवरील पाखरांचा व सरपटणाऱ्या जीवांचा काळ ठरला. मुंगूस आपल्या ठिकाणी वाईट नाही, आणि भेकही आपल्या ठिकाणी वाईट नाही. प्रत्येक जीवाला त्याच्या त्याच्या ठिकाणी आवरून धरणारे शत्रू आणि शेजारी असतात. ते शेजारपण तोडून त्याला परक्या भूमीवर नेऊन सोडले, म्हणजे अनर्थाला आरंभ होतो.

२००१ साली भेक काकाडू राष्ट्रीय उद्यानात शिरले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील हे उद्यान विस्ताराने फार मोठे असून तेथील कडेकपारी म्हणजे क्वॉलचे माहेरघर. भेक जेथे जेथे पोहोचले, तेथून क्वॉल झपाट्याने दिसेनासे होऊ लागले. विचार करीत बसण्याइतका वेळ उरलाच नव्हता. तेव्हा २००३ साली शासनाने एक धाडसी योजना हाती घेतली. मुख्य भूमीवरून ६४ क्वॉल पकडून अर्नहेम लँडच्या किनाऱ्याजवळील ॲस्टेल व पोबासू ह्या दोन बेटांवर नेऊन सोडण्यात आले. ह्या बेटांवर भेक नव्हते. डिंगो नावाचे रानकुत्रे नव्हते, रानटी मांजरेही नव्हती. पुरातून जीव वाचविणाऱ्या नौकेचे नाव ह्या योजनेला देण्यात आले होते, आणि ते अन्वर्थकच होते.

योजना फळाला आली. खाण्यास भरपूर आणि शत्रू कोणीच नाही, अशा त्या बेटांवर क्वॉलची संख्या काही वर्षांतच हजारोंच्या घरात गेली. जो प्राणी मुख्य भूमीवर नाहीसा होत चालला होता, तो बेटांवर सुखाने नांदू लागला. संख्या हीच जर रक्षणाची कसोटी मानली, तर ह्याहून मोठे यश ते कोणते?

परंतु बेट हे क्वॉलचे घर नव्हे, हे त्या योजनेच्या कर्त्यांनाही ठाऊक होते. कधी तरी त्यांना परत मूळ भूमीवर न्यावयाचेच होते. आता तेथे भेक होते, आणि ते जाणारही नव्हते. तेव्हा संशोधकांनी एक युक्ती शोधून काढली. लहानशा मेलेल्या भेकाच्या अंगात मळमळ उत्पन्न करणारे औषध घालून तो क्वॉलला खाऊ घालावयाचा. इतक्या लहान भेकाचे विष जीव घेण्याइतके नसते. परंतु खाल्ल्यावर पोटात अशी काही कालवाकालव होते की, तो क्वॉल पुन्हा भेकाच्या वाटेला जाऊ नये. माणसाच्या मुलालाही एखादा पदार्थ एकदा बाधला, म्हणजे त्याचा वासही पुढे नकोसा होतो. तशातलाच हा प्रकार. असे शिकविलेले क्वॉल न शिकविलेल्यांपेक्षा रानात अधिक काळ तग धरतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. भेकावर तोड सापडली, असे वाटू लागले.

मग २०१६ साली ॲस्टेल बेटावरील काही क्वॉलना भेकाचा हा धडा देऊन काकाडूत सोडण्यात आले. धडा त्यांनी नीट गिरविला होता. पण घात दुसरीकडूनच झाला. डिंगोंनी त्यांतील कितीतरी क्वॉल मारून टाकले, आणि तो प्रयोग अर्ध्यावर सोडून द्यावा लागला.

मनात असा प्रश्न येतो की, डिंगो काही नवा शत्रू नव्हता. तो त्या भूमीवर हजारो वर्षांपासून आहे, आणि क्वॉल त्याच्या शेजारी पिढ्यान्पिढ्या जगत आला होता. मग ह्याच क्वॉलना तो इतका भारी का पडला? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांनी एक साधी परीक्षा घेतली. काही क्वॉल मुख्य भूमीवरून आणले, काही बेटावरून आणले, आणि त्यांच्यापुढे डिंगोचा व मांजराचा वास ठेवला. मुख्य भूमीवरील क्वॉल त्या वासापासून दूर राहिले. एवढेच नव्हे, तर पिंजऱ्यात जन्मलेली, डिंगो कधी डोळ्यांनीही न पाहिलेली त्यांची पिलेसुद्धा त्या वासापासून दूर राहिली. बेटावरील क्वॉलना मात्र त्या वासाचे काहीच वाटले नाही. त्यांना तो ओळखताच आला नाही. २००३ पासूनच्या अवघ्या तेरा पिढ्यांत ते आपल्या शत्रूला विसरले होते. २०१८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा जाणत्या लोकांनाही आश्चर्य वाटले. कारण असे गुण नाहीसे व्हावयास दीर्घ काळ लागत असावा, अशी सर्वसाधारण समजूत होती.

ह्या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. भय हा दुर्गुण आहे, असे सामान्यतः मानले जाते. भित्र्या माणसाची थट्टा होते, निर्भयतेचे गोडवे गायिले जातात. परंतु रानातल्या प्राण्याचे भय म्हणजे भित्रेपणा नव्हे. ते एक ज्ञानच आहे. कोणत्या वासापासून पळावे, कोणत्या सावलीत थांबू नये, केव्हा कपारीतून बाहेर पडावे आणि केव्हा आत दडून बसावे, हे ज्ञान त्याच्या असंख्य पूर्वजांनी प्राण देऊन मिळविलेले असते. ज्यांना ते ज्ञान नव्हते ते मारले गेले. ज्यांना होते ते उरले, आणि तोच वारसा पिलांना मिळाला. शत्रूच्या जाचामुळेच हा वारसा पिढ्यान्पिढ्या घासूनपुसून लख्ख राहतो. बेटावर तो जाच नव्हता. तेथे सावधपणाला किंमत उरली नाही. उलट दडून बसण्यात वेळ न घालविता जो बिनधास्त हिंडला, त्याला अन्न अधिक मिळण्याचा संभव होता. ज्या गुणाची गरज उरत नाही, तो गुण गंजून जातो. क्वॉलचे शरीर वाचले, ठिपके वाचले, संख्या वाढली. परंतु ज्या गुणाच्या बळावर तो आपल्या भूमीवर जगत होता, तो गुण नाहीसा झाला.

म्हणून असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे की, प्राण्याला जिवंत ठेवणे ही रक्षणाची केवळ पहिली पायरी होय. क्वॉल म्हणजे नुसता ठिपक्यांचा एक देह नव्हे. तो ज्या खडकांत राहतो ते खडक, तो ज्यांना खातो ते किडे व सरडे, आणि ज्यांच्यापासून तो पळतो ते शत्रूसुद्धा, ह्या सर्वांशी असलेल्या त्याच्या नात्यात त्याचे क्वॉलपण आहे. ते नाते तोडून केवळ देहाची गणती वाढविली, तर हाती येतो तो त्याच नावाचा, त्याच रूपाचा, परंतु स्वतःच्या घरी परका झालेला प्राणी.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कोणी म्हणेल, ‘बेटावर नेले नसते, तर भेकांनी क्वॉलचा निर्वंश केला असता. मेलेल्या प्राण्याजवळ भयही नसते आणि ज्ञानही नसते. आधी जीव वाचवावा, मग बाकीचे पाहावे.’ ह्या म्हणण्यात तथ्य आहे. घराला आग लागली असता मुलाला बाहेर ओढून काढताना त्याची पुस्तके राहिली म्हणून कोणी हळहळत नाही. २००३ साली ज्यांनी ते ६४ क्वॉल होडीत घातले, त्यांनी योग्य तेच केले. त्यांना दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु आगीतून काढलेल्या मुलाला जन्मभर धर्मशाळेत ठेवीत नाहीत. त्याला घर बांधून द्यावे लागते. आणि घर बांधून होण्यास जितका विलंब लागेल, तितका तो घराला अंतरत जातो. चूक बेटावर नेण्यात नव्हती. बेटावर नेले म्हणजे काम झाले, काळ तेथे थांबून राहील आणि केव्हाही परत आणले तरी क्वॉल पूर्वीसारखाच असेल, असे गृहीत धरण्यात ती होती. शेतकरी कणगीत बियाणे राखून ठेवतो. परंतु ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले, तर उगवत नाही, हे तो जाणतो. जिवंत वस्तू जपून ठेवण्याची रीत निर्जीव वस्तूहून वेगळी असते.

हे केवळ निराशेचे बोलणे नव्हे, ह्याला क्वॉलच साक्षी आहे. क्वीन्सलंड प्रांतात भेक सर्वांत आधी आले. तेथील बहुतेक क्वॉल नाहीसे झाले. परंतु काही डोंगराळ जागी ते भेकांच्या शेजारी आजही टिकून आहेत. ह्या क्वॉलची पिंजऱ्यात जन्मलेली पिलेही, कोणी न शिकविता, भेकाला तोंड लावीत नाहीत असे आढळले आहे. ज्या ठिकाणी भेक नव्हते तेथील क्वॉलशी त्यांचा संकर केला असता, त्या संततीतही हा सावधपणा उतरतो. म्हणजे ज्यांनी संकटाला तोंड दिले, फार मोठी हानी सोसली आणि तरी जागा सोडली नाही, त्यांच्यापाशी नवे ज्ञान निर्माण झाले. एकीकडे तेरा पिढ्यांच्या सुखाने जुने शहाणपण पुसले गेले. दुसरीकडे काही दशकांच्या संकटाने नवे शहाणपण घडविले. ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे रक्षणाची दिशा कोणती असावी ह्याविषयी संदेह राहू नये.

ती दिशा मूळ भूमीकडे जाणारी आहे. बेटे राखावीत, परंतु खरी मेहनत क्वॉलच्या घरी व्हावयास हवी. तेथील मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या प्रारंभी, गवत पुरते वाळण्यापूर्वीच, जागोजाग लहान लहान आगी लावीत असत. त्यामुळे पुढे मोठा वणवा भडकत नसे आणि लहान जीवांना दडावयास झुडपे राहत. ही जुनी रीत आज पुन्हा अनेक ठिकाणी चालू झाली आहे; तिला बळ मिळाले पाहिजे. रानटी मांजरांना आवर घातला पाहिजे. पश्चिमेकडील पिलबारा प्रदेशात भेक अद्याप पोहोचलेले नाहीत. वाटेतील रुक्ष पट्ट्यात गुरांसाठी केलेले पाणवठे बंदिस्त ठेवले, तर त्यांची वाट रोखता येईल असे तज्ज्ञांना वाटते. तेथे विलंब करणे म्हणजे काकाडूची पुनरावृत्ती ओढवून घेणे होय. आणि जेथे भेक येऊन बसलेच आहेत, तेथे क्वीन्सलंडच्या त्या जाणत्या क्वॉलचे रक्त इतरांत मिसळण्याचा मार्ग सावधपणे चोखाळून पाहावा. ह्या कामांत बेटासारखे झटपट डोळ्यांत भरणारे यश नाही. प्रत्येक वर्षी काही क्वॉल डिंगोच्या तोंडी जातीलही. परंतु जे उरतील ते खरे क्वॉल असतील.

यादीतील शेऱ्याविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. ‘संकटग्रस्त’ हा शब्द एखाद्या प्राण्याच्या नावापुढे लिहिला, म्हणजे त्याला कवच मिळाले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो शब्द वैद्याने केलेल्या निदानासारखा आहे. निदान अचूक असले, तरी औषधावाचून रोग बरा होत नाही. शिवाय निदान करताना केवळ डोकी मोजली, तर फसगत होण्याचा संभव असतो. बेटावरचे हजारो क्वॉल मोजून कोणी समाधान मानले असते, तर ते समाधान २०१६ साली काकाडूच्या रानात काही आठवड्यांतच विरले असते. किती उरले ह्याबरोबरच कोठे उरले, आणि कोणत्या गुणांसह उरले, हेही विचारावयास हवे.

ह्या सर्व हकिकतीत मनुष्याच्या दोन चुका एकामागून एक दिसतात. पहिली चूक ऊस वाचविण्याच्या उतावळेपणाची. परक्या जीवाला आणताना त्याचे शेजारी कोण, शत्रू कोण, ह्याचा विचार झाला नाही. दुसरी चूक क्वॉल वाचविण्याच्या समाधानाची. त्याला दूर नेताना त्याचे शेजारी आणि शत्रू मागे राहिले, हे ध्यानात आले नाही. एका चुकीच्या मुळाशी लाभाची इच्छा होती, दुसरीच्या मुळाशी दयेची. परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोन्ही वेळा एकटा प्राणी पाहिला गेला. त्याच्याभोवतीचे जग पाहिले गेले नाही. दया ही थोर वृत्ती खरी, पण तिच्या जोडीला ज्ञान आणि धीर नसेल, तर तिच्या हातूनही हानी होते.

आजही काकाडूच्या डोंगरांत सायंकाळी खडक थंड होऊ लागतात, आणि डिंगोंची आरोळी दरीत घुमते. एखाद्या दूरच्या कपारीत उरलेली क्वॉल मादी ती आरोळी ऐकून आत सरकत असेल, आणि पाठीवरच्या पिलांसह अंधार दाट होण्याची वाट पाहत असेल. तिचे ते थबकणे, ती सावध नजर, हे सर्व तिच्या पिलांना वारशाने मिळत राहावे, एवढी जागा तिच्यासाठी राखून ठेवणे मनुष्याला अशक्य नाही. ती जागा राखली गेली, तरच यादीवरील तिच्या नावापुढचा तो शेरा पुसण्याचा अधिकार मनुष्याला प्राप्त होईल.